स्टेंट : घाई केव्हा, सबुरी केव्हा?



जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या रुग्णालयात कॅथलॅबचे दार अर्धवट उघडते. बाहेर बाकावर मुलगा, जावई आणि पदराने डोळे टिपणारी माउली बसलेली असते. आतून निरोप येतो : एका रक्तवाहिनीत नव्वद टक्के अडथळा आहे, दुसरीत सत्तर टक्के, स्टेंट टाकावे लागतील, आत्ताच टाकायचे का, ते लवकर सांगा. रुग्ण आत टेबलावर जागाच असतो. त्या चार-पाच मिनिटांत कपाशीच्या पट्टीचे पैसे, मेव्हण्याकडून मिळू शकणारी हातउसनी रक्कम, घरातले सोने असा सारा हिशेब मुलाच्या मनात फिरतो आणि तो मान हलवतो. पुष्कळदा ती मान योग्यच हलते. पण जो प्रश्न विचारायला हवा, तो बहुधा विचारलाच जात नाही. हा स्टेंट जीव वाचवण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी?

या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी स्टेंट म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी अशा वाहिनीत बारीक नळीवाटे फुगा नेऊन, तो फुगवून, अरुंद झालेली जागा मोकळी केली. हीच पहिली अँजिओप्लास्टी. फुगा काढून घेतल्यावर वाहिनी पुन्हा आक्रसते, हा त्यातला दोष होता. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे वाहिनीत प्रथमच धातूची जाळी बसवण्यात आली. हा स्टेंट. विहिरीची माती ढासळू नये म्हणून आतून कडे बांधतात, तसाच काहीसा हा प्रकार. शब्दाची कथाही मजेची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स स्टेंट नावाचे एक दंतवैद्य होते. दातांचे ठसे घेण्यासाठी त्यांनी एक लगदा तयार केला होता. त्यांचे आडनाव फिरत फिरत हृदयापर्यंत पोहोचले, असे मानले जाते.

नुसती धातूची जाळी बसवली, तर पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत तिच्या आत पेशी वाढून वाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. म्हणून जाळीवर औषधाचा लेप देण्याची युक्ती निघाली. २००३ नंतर असे औषधवेष्टित स्टेंट सर्वत्र रूढ झाले. आज सर्रास वापरले जातात ते हेच. ही सारी क्रिया मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून होते. भूल फक्त तेवढ्याच जागेपुरती दिली जाते आणि छाती उघडावी लागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तपासणीत वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्याचा त्रास होऊ शकतो. तो असल्यास आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास, दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगितल्या पाहिजेत.

आता एका लोकप्रिय गैरसमजाविषयी. गिरणेच्या पाटचारीत गाळ साचत जावा, पाणी अडावे, जेसीबी लावून गाळ काढला की पाणी पुन्हा वाहावे, तसेच हृदयाचेही असते, अशी बहुतेकांची कल्पना असते. ती अर्धीच खरी आहे. चरबीचा थर वाहिनीच्या पोकळीत साचत नाही, तर भिंतीच्या आत साचतो. फोडावर कातडे असावे, तसे त्यावर पातळ आवरण असते. झटका येतो तो बहुधा हे आवरण अचानक फाटते आणि तेथे रक्ताची गुठळी होऊन वाहिनी बंद पडते, तेव्हा. फाटणारा हा फोड सर्वांत मोठाच असेल, असे नाही. तीस-चाळीस टक्के अडथळा असलेली जागाही फुटू शकते आणि सत्तर टक्क्यांची जागा वर्षानुवर्षे शांत राहू शकते. स्टेंट एका जागेचा बंदोबस्त करतो. बाकीच्या भिंतीचे रक्षण गोळ्या, तंबाखूचा त्याग, रक्तदाब व साखरेवरील नियंत्रण आणि रोजचे चालणे यांनी होते. 'स्टेंट टाकला, आता काळजी मिटली' असे म्हणत जो बिडी पुन्हा शिलगावतो, त्याला हे कोणीतरी सांगितलेले नसते.

यावरून दोन अगदी भिन्न परिस्थिती लक्षात येतात.

पहिली झटक्याची. छातीवर धोंडा ठेवल्यासारखे दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये कधी नुसताच दम लागतो, मळमळते किंवा गळून गेल्यासारखे वाटते. वाहिनी पूर्ण बंद झालेली असेल, तर दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. येथे स्टेंट निःसंशय प्राण वाचवतो आणि येथे चर्चेला वेळ नसतो. पण भडगावकरांसाठी खरा प्रश्न स्टेंटच्याही आधीचा आहे. पाचोऱ्यामार्गे जावे की एरंडोलमार्गे, जळगावला जावे की धुळ्याला, दोन्हीकडचे अंतर साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात आहे. नाशिक तर त्याच्या सुमारे तिप्पट. रात्री दोन वाजता 'गॅस झाला असेल' म्हणून आधी सोडा, मग ओवा, मग शेकशेगडी, मग गाडीची शोधाशोध, यात तीन तास सहज निघून जातात. आणि नेमके तेच तास मोलाचे असतात.

वैद्यकशास्त्राचा नियम असा : निदान झाल्यापासून साधारण दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या ठिकाणी आधी द्यावे आणि मग रुग्णाला पुढे हलवावे. बारा तासांपर्यंत ते देता येते, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वाधिक येतो. अलीकडे पक्षाघात झाला असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा शरीरात कोठे रक्तस्राव होत असेल, तर हे इंजेक्शन चालत नाही. म्हणून तेही आधी सांगावे. इंजेक्शन लागू पडल्यानंतरही पुढील तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करून घेणे हिताचे असते. सारांश, मोठ्या शहरातील मोठ्या दवाखान्याच्या ओढीने थेट लांबचा रस्ता धरण्यापेक्षा आधी जवळ ईसीजी काढणे आणि तो पाहून डॉक्टर सांगतील तसे करणे शहाणपणाचे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. झटक्याच्या रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याची आपल्याकडची रीत मात्र जिवावर बेतणारी आहे.

दुसरी परिस्थिती सावकाशीची. शेताचा चढ चढताना, भरल्या पोटी झपाझप चालताना छाती भरून येते आणि थांबले की दोन-पाच मिनिटांत ओसरते. महिनोन्महिने असेच चालू असते, वाढत नाही. या रुग्णांचे काय करावे, यावर मोठे संशोधन झालेले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'करेज' या अभ्यासात २,२८७ रुग्ण होते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते आणि त्यांत भारतीयही होते. दोन्हींचा निष्कर्ष एकाच दिशेचा निघाला. उत्तम औषधोपचार चालू असलेल्या स्थिर रुग्णाला स्टेंट किंवा बायपासची जोड दिल्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही. छातीतील कळ मात्र अधिक कमी झाली. म्हणजे अशा रुग्णाचा स्टेंट व्यर्थ नव्हे. ज्याला गोळ्या घेऊनही गोठ्यापर्यंत जाववत नाही, त्याला तो मोठाच दिलासा देतो. पण तो आजच, याच टेबलावर, सोने गहाण ठेवून टाकला नाही तर रुग्ण दगावेल, हे म्हणणे त्याच्या बाबतीत खरे नसते. त्याला घरी जाता येते, सीडी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवता येते, महिनाभर गोळ्या घेऊन पाहता येते. डाव्या बाजूच्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाची शक्ती फार घटलेले आणि विसावा घेतानाही कळ येणारे रुग्ण यातून वगळावेत. त्यांचा निर्णय वेगळा आणि लवकरचा. अनेक वाहिन्या बाधित असलेल्या मधुमेही रुग्णासाठी पुष्कळदा बायपासच अधिक टिकाऊ ठरते, हेही विचारून घ्यावे.

पैशांचा विषय टाळण्यात अर्थ नाही. २०१७ पूर्वी औषधवेष्टित स्टेंट रुग्णाला लाखाच्या वर पडत असे. कारखान्यापासून रुग्णापर्यंतच्या साखळीत नफ्याचे प्रमाण ६५४ टक्क्यांपर्यंत जात असल्याचे राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने आकडेवारीसह मांडले. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सरकारने कमाल किंमत ठरवून दिली : साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधवेष्टित २९,६०० रुपये. ही मर्यादा पुढे महागाईच्या निर्देशांकानुसार बदलत गेली. एप्रिल २०२५ पासून औषधवेष्टित स्टेंटसाठी ती सुमारे ३८,९३३ रुपये, अधिक कर, अशी होती. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवणे, त्याचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक लिहिणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. एकरकमी 'पॅकेज'चा कागद हातात पडला, तर हा तपशील मागून घ्यावा. तो मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

'विदेशी टाकू की देशी?' या प्रश्नाने तर घरची माणसे अपराधी होऊन जातात. स्वस्त निवडला, तर बापाच्या जिवाशी काटकसर केली, असे वाटते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी १९९० च्या दशकात भारतीय स्टेंट घडवला, तो याच प्रश्नाला उत्तर म्हणून. आणि खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी ज्या सुरतेला गेली, त्या सुरतेत बनलेल्या 'सुप्राफ्लेक्स' या स्टेंटची तुलना युरोपातील सात देशांत १,४३५ रुग्णांवर नामांकित अमेरिकी स्टेंटशी करण्यात आली. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर देशी स्टेंट कोठेही उणा ठरला नाही. प्रत्येक देशी स्टेंट असाच पारखलेला असतो, असे यावरून म्हणता येणार नाही. पण विदेशी नावालाच ज्यादा मोजण्याचे कारण नाही, एवढे नक्की.

२ जुलै २०१२ रोजी राज्याची जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि जुलै २०२४ पासून प्रति कुटुंब वार्षिक मर्यादा पाच लाख रुपये झाली. अँजिओप्लास्टी तीत समाविष्ट आहे, मात्र योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच. तेथे बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठावे आणि शिधापत्रिका, आधार कार्ड घरात एका जागी ठेवावे. तातडीच्या रुग्णाला कागदपत्रे मागाहून देण्याची मुभा आहे.

शेवटी गोळ्यांचे. स्टेंट हा शरीराच्या दृष्टीने परका धातू. त्यावर आतले अस्तर चढेपर्यंत रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर अशी दुसरी गोळी देतात. झटक्यानंतर टाकलेल्या स्टेंटसाठी हा जोडउपचार सामान्यतः बारा महिने, स्थिर रुग्णासाठी सामान्यतः सहा महिने चालतो. रक्तस्रावाचा धोका असेल, तर डॉक्टर तो आखडता घेतात. पुढे एक गोळी कायमच राहते. तिसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते, हंगाम तोंडावर असतो, औषधांचे बिल डोळ्यांत खुपते आणि गोळी परस्पर बंद होते. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका यानेच वाढतो आणि अशी गुठळी पहिल्या झटक्यापेक्षाही घातक ठरू शकते. खर्च झेपत नसेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जनऔषधी केंद्रातील याच गोळ्या पुष्कळ स्वस्त असतात. दात काढायचा असो वा मोतीबिंदू, गोळी थांबवायची की नाही हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे.

ओझे उचलल्याने स्टेंट सरकत नाही, एमआरआयही करता येतो. घरी जाताना स्टेंटचे कार्ड मिळते. कोणत्या वाहिनीत, किती तारखेला, कोणत्या मापाचा स्टेंट टाकला, हे त्यावर लिहिलेले असते. ते कार्ड शिधापत्रिकेच्याच पिशवीत ठेवावे आणि पिशवी कोठे आहे, हे रात्री घरात असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.