चालते काम, बदलता पडदा
(भाषणाचा मजकूर)



हैदराबादेतील चिक्कडपल्ली भागात शहर मध्यवर्ती ग्रंथालय आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी तेथे मोठ्या संख्येने अभ्यासास बसतात. वाचकाला एक टेबल सोडून दुसऱ्या टेबलाशी जावे लागले, तर पुस्तक, वही आणि पानातील खूण त्याच्याबरोबर जातात. जागा बदलते, अभ्यास खंडित होत नाही. संगणकावर चालू असलेल्या कामाला मात्र ही साधी सोय सहजासहजी लाभलेली नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८४ मध्ये 'एक्स विंडो' ही पद्धती जन्मास आली. आज्ञावली एका यंत्रावर चालावी आणि तिच्या खिडक्या दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटाव्यात, ही तिची मोठी देणगी होय. परंतु आज्ञावली सुरू होताना ज्या पडद्याशी जोडली जाते, त्याच्याशी ती बांधली जाते. मधला दुवा तुटला की बहुधा आज्ञावलीही संपते आणि न साठवलेला मजकूर नष्ट होतो.

यावर शोधलेला उपाय मध्यस्थाचा आहे. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ मध्ये 'एक्समूव्ह' या मध्यस्थ आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. मूळ आज्ञावली या मध्यस्थालाच पडदा समजते आणि मध्यस्थ तिच्या खिडक्या खऱ्या पडद्यावर मांडतो. पडदा बदलताना त्याला बरीच उस्तवार करावी लागते. प्रत्येक खिडकीला जुन्या पडद्यावर एक क्रमांक असतो, नव्यावर दुसरा मिळतो. या दोहोंचा मेळ मध्यस्थ ठेवतो. नव्या पडद्याचे रंग, आकार व अक्षरवळण निराळे असल्यास अडचण आणखी वाढते.

इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेटी प्रयोगशाळेने याच सुमारास आणखी एक पाऊल टाकले. तेथे अंगावर लावलेल्या बिल्ल्यावरून माणूस कोणत्या खोलीत आहे हे यंत्रणेला कळे आणि त्याचे चालू काम तेथील पडद्यावर आणता येई. पुढे त्याच प्रयोगशाळेतून 'व्हीएनसी' ही पद्धती बाहेर पडली. तीत संपूर्ण पडदा दूरच्या यंत्राच्या स्मृतीत राहतो आणि पाहणाऱ्याकडे केवळ त्याचे चित्र येते. आज 'एक्सप्रा' ही मुक्त आज्ञावली सुट्या खिडक्यांसाठी तशीच सोय देते.

शासकीय कार्यालयांच्या दृष्टीने या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. तालुक्याच्या ठिकाणी दूरसंचाराची जोडणी मधूनच तुटते आणि अर्जदार खिडकीपाशी ताटकळत राहतो. काम मध्यवर्ती यंत्रावर जिवंत राहिले, तर कर्मचाऱ्याला शेजारच्या मेजावरून तेच प्रकरण पुढे नेता येते आणि अर्जदाराची खेप वाचते.

मात्र दोन गोष्टींचे भान असावे. आज्ञावली ज्या यंत्रावर चालते तेच बंद पडले, तर मध्यस्थ काही करू शकत नाही. म्हणून मजकूर वेळोवेळी साठवणे सुटत नाही. तसेच मागे जिवंत राहिलेले काम परक्याच्याही हाती पडू शकते. परवलीचा शब्द गुप्त राखणे आणि उठताना जोडणी स्वतः तोडणे, हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.

तात्पर्य, यंत्रखरेदीच्या वेळी पडदे किती घ्यावयाचे एवढेच विचारून भागणार नाही. पडदा विझल्यावर नागरिकाचे काम कोठे राहील, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.