चर कोणी खणायचा?



दिवाळीत मुलगा पुण्याहून घरी येतो, पहिल्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडतो आणि विचारतो, "बाबा, आपलं नेट असं का?" बाबा कंपनीला फोन लावतात. कंपनी सांगते, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. बहुतेक घरांत चर्चा तिथेच संपते. आज ती मला तिथून पुढे न्यायची आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचंय त्यांची सोय होईल. घरातल्या नेटचा वेग ठरतो तो शेवटच्या दोन-तीन किलोमीटरच्या वाटेवर. ती वाट कशी असावी, हा निर्णय इंजिनिअर घेत नाहीत. तो सरकार घेतं, नगरपालिका घेते, हाउसिंग सोसायटीची कमिटी घेते.

परदेशातल्या लेकीशी तुम्ही व्हिडिओवर बोलता, तेव्हा तिचा चेहरा समुद्राच्या तळावरच्या केबलमधून प्रकाशाच्या रूपात येतो. मुंबईत वर्सोवा आणि प्रभादेवी, तिकडे चेन्नई, अशा ठिकाणी या केबली किनाऱ्याला लागतात. हजारो किलोमीटरचं हे अंतर सेकंदाच्या एका अंशात कापलं जातं. पुढे महामार्ग आणि रेल्वेमार्गांच्या कडेनं गाडलेल्या फायबरमधून तो चेहरा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचतो. इथपर्यंत सगळं उत्तम. मग तो तुमच्या गल्लीत शिरतो आणि गोल फिरत बसतो.

गल्लीत वर्षानुवर्षं होती तांब्याची तार. ती टाकली होती आवाजासाठी, आणि माणसाच्या बोलण्याला जेमतेम साडेतीन हजार हर्ट्झपर्यंतची जागा पुरते. त्याच तारेवर वरच्या वारंवारितेचे संदेश चढवून डीएसएल निघालं. युक्ती झकास होती, पण वरच्या वारंवारितेचा संदेश अंतराबरोबर विरत जातो. एक्सचेंजच्या शेजारी राहणाऱ्याला एडीएसएल २+ वर २४ एमबीपीएसच्या आसपास वेग मिळायचा आणि चार-पाच किलोमीटरवरच्या माणसाला एक-दोन. पैसे दोघांचे सारखेच. त्यात पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की लाइनमनची वाट पाहायची.

फायबरला हा शाप नाही. तिथे अडचण वाटणीची असते. आपल्याकडे जे फायबर घरोघरी येतं, त्यात एका धाग्यावरचा सुमारे अडीच गिगाबिटचा वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. रात्री नऊला सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसंच हे. त्या धाग्याच्या मागे कंपनीनं किती रुंद वाट ठेवली आहे, हे तुम्हाला बिलावर दिसत नाही. बिलावर दिसतो तो जास्तीत जास्त वेग. कमीत कमी किती मिळेल, हे जाहिरातीत कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही.

घरातल्या भानगडी थोडक्यात सांगतो, कारण त्या सोप्या आहेत. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवू नका. वेग मोजायचा तर वायरनं जोडून मोजा. वायफायवर मोजलात तर तुम्ही भिंती मोजत असता. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. निम्मे ग्राहक या हिशेबापाशी विनाकारण कंपनीवर चिडतात. उरलेले निम्मे सकारण चिडतात, आणि मी त्यांच्याविषयी बोलतोय.

२००४ साली केंद्र सरकारनं ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. २५६ केबीपीएस वेग मिळाला की ते ब्रॉडबँड, अशी व्याख्या ठरली. त्या काळात देशात तारेचे फोन चार कोटींच्या आसपास होते आणि बहुतेक सगळ्या तारा सरकारी कंपन्यांच्या होत्या. दूरसंचार नियामक ट्रायनं तेव्हा शिफारस केली होती की या तारा इतर कंपन्यांनाही भाड्यानं खुल्या कराव्यात, म्हणजे एकाच तारेवर सेवा देण्यासाठी स्पर्धा होईल. सरकारनं ती मानली नाही. आपसात ठरवा, असं सांगून विषय संपवला. आपसात काय ठरणार? तार ज्याची, तो कशाला देईल?

जपाननं नेमकं उलट केलं होतं. तिथल्या बलाढ्य एनटीटी कंपनीला सरकारनं तारा उघडायला लावल्या. २००१ मध्ये सॉफ्टबँकनं त्याच तारांवर 'याहू बीबी' सुरू केलं: ८ एमबीपीएस, स्वस्त दरात. त्यांची माणसं भर रस्त्यात लोकांच्या हातात मोडेम देत होती. या स्पर्धेत टिकायचं तर एनटीटीला फायबरकडे वळावंच लागलं. ८ एमबीपीएस आणि २५६ केबीपीएस यांत तिसेक पटींचं अंतर आहे, आणि मधे वर्षं तीन. त्यातही आपण मागाहून आलेलो. जपानी तांबं काही वेगळ्या खाणीतून येत नव्हतं.

पुढची कागदपत्रं तर वाचण्यासारखी आहेत. २०१२ च्या दूरसंचार धोरणात लिहिलं होतं की ब्रॉडबँडचा किमान वेग २०१५ पर्यंत २ एमबीपीएस करू. २ एमबीपीएसची व्याख्या प्रत्यक्षात आली जानेवारी २०२३ मध्ये. २०१८ च्या धोरणानं तर २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस द्यायचं ठरवलं होतं. प्रत्येक नागरिकाला! सभागृहात हसू फुटलंय, म्हणजे मला पुढे बोलायची गरज नाही.

मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं आणि देशानं मोबाइलवर उडी मारली. ते चांगलंच झालं. ज्यांच्या दारात कधीच तार गेली नसती, त्यांच्या हातात नेट आलं. पण त्यामुळे तारेचा प्रश्न सुटला असा समज पसरला. आज देशात तारेचं ब्रॉडबँड आहे सुमारे चार कोटी ग्राहकांकडे. २०११ च्या जनगणनेतच कुटुंबं २४ कोटींहून जास्त होती. मोबाइलच्या एका टॉवरची हवा सगळ्या गावानं वाटून घ्यायची असते. एका घरात मुलीचा ऑनलाइन क्लास, मुलाचं ऑफिस आणि आजोबांचं कीर्तन एकाच वेळी चालायचं असेल, तर ती हवा पुरत नाही. आता ५जीवर घरात नेट देणारे डबे आलेत. ते उपयोगी आहेत, पण त्या टॉवरलाही शेवटी फायबरच लागतं.

सरकारला हे कळत नव्हतं असंही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर झाली. आज आपण तिला भारतनेट म्हणतो. फायबर बऱ्याच पंचायतींपर्यंत गेलंही. पण पंचायतीच्या भिंतीवर पेटी बसली म्हणजे गावात नेट आलं असं होत नाही. पेटीला वीज हवी, जेसीबीनं तोडलेली केबल जोडायला माणूस हवा, आणि पेटीपासून घरापर्यंत पुन्हा तोच शेवटचा तुकडा हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये या योजनेला १.३९ लाख कोटी रुपयांची नवी मंजुरी मिळाली, तेव्हा कुठे गावांतल्या दीड कोटी घरांच्या जोडण्यांचा आकडा त्यात आला. तब्बल बारा वर्षांनी घर आठवलं.

हा फक्त गरीब देशांचा रोग आहे असं समजू नका. तुमच्यापैकी कोणाची मुलं मेलबर्न-सिडनीला असतील तर त्यांना विचारा. एप्रिल २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केविन रड यांनी ९० टक्के घरांपर्यंत थेट फायबर नेण्याची घोषणा केली. २०१३ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारनं म्हटलं, एवढा खर्च कशाला? फायबर रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत नेऊ, पुढे आहे ती तांब्याची तार वापरू. स्वस्तात आणि लवकर होईल. ते स्वस्तात झालं नाही, लवकरही झालं नाही. काही ठिकाणी नवी तांब्याची तार विकत घ्यावी लागली, एकविसाव्या शतकात! आणि २०२० मध्ये त्याच पक्षांच्या सरकारनं जाहीर केलं की यांतल्या लाखो घरांना आता फायबर देऊ. म्हणजे एकच काम दोनदा.

शेजारच्या न्यूझीलंडनं तोच पैसा एकदाच खर्च केला. त्यांनी जुन्या टेलिफोन कंपनीचे २०११ मध्ये दोन भाग केले. तारा सांभाळणारी कंपनी वेगळी, ग्राहकाला सेवा विकणारी वेगळी. तारा सांभाळणारीनं सगळ्या विक्रेत्यांना सारखी वागणूक द्यायची, असा दंडक घातला. २०२२ अखेर ८७ टक्के लोकसंख्येच्या दारापर्यंत फायबर पोहोचलं. माझ्या मते या विषयावरचा याहून स्पष्ट निकाल दुसरा नाही.

आणखी एक उदाहरण, मला सगळ्यांत आवडणारं. इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायरमध्ये लून नदीचं खोरं आहे. मेंढ्या, कुरणं, विखुरलेली घरं. मोठ्या कंपन्यांना तिथे नफा दिसेना. २०११ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःची संस्था काढली, 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ'. लँकेस्टर विद्यापीठातले प्राध्यापक बॅरी फोर्ड तांत्रिक बाजू सांभाळायला पुढे आले. शेतकऱ्यांनी आपल्या रानातून फुकट वाट दिली, स्वतःच्या यंत्रांनी चर खणले, गावकऱ्यांनी शेअर घेऊन भांडवल उभारलं. फायबरच्या कामात खर्चाचा मोठा वाटा खणण्यात आणि परवानग्यांत जातो. काचेचा धागा त्यामानानं स्वस्त असतो. इथे खणणं आणि परवानगी दोन्ही घरचीच होती. त्या कुरणांमधल्या घरांना महिना ३० पौंडांत १ गिगाबिट वेग मिळू लागला, डाउनलोडला आणि अपलोडलाही, तेव्हा लंडनमधले कित्येक लोक तांब्याच्याच तारेवर होते.

सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ काढलेल्या महाराष्ट्राला हे अवघड का वाटावं, ते मला खरंच समजत नाही. पाणीवापर संस्था आपण चालवतो, गावच्या रस्त्यांना लोकवर्गणी देतो. फायबरला मात्र केबलवाल्याच्या मर्जीवर सोडतो. तो बिचारा विजेच्या खांबांवरून, झाडांवरून केबल ओढतो आणि वादळ आलं की पहिली तीच तुटते.

शहरातल्यांनीही हसू नये. अनेक सोसायट्यांत कमिटी एकाच कंपनीला आत येऊ देते आणि दुसरीला गेटवरून परत पाठवते. २००४ मध्ये सरकारनं देशाचं जे केलं, तेच आपण आपल्या इमारतीचं करतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. दोन कंपन्यांना सारख्या अटींवर आत घेतलंत, की कस्टमर केअरची भाषा आपोआप मऊ होते.

आणि गावाकडच्या मंडळींना एक विनंती. यंदा तुमच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण होणार असेल, पाण्याची किंवा गटाराची लाइन टाकायला रस्ता उकरणार असतील, तर काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत ठराव मांडा: त्याच चरात एक रिकामा पाइप टाका, त्याची मालकी ग्रामपंचायतीची ठेवा आणि जी कंपनी भाडं देईल तिला त्यातून फायबर नेऊ द्या. रस्ता बुजल्यावर ठराव करून उपयोग नाही. ठरावाचा मसुदा हवा असेल त्यांनी आता खाली येऊन मला भेटा, प्रती आणल्या आहेत.