गंजी घरची की विकतची?



आपल्या वर्धा जिल्ह्यात सोयाबीनची सवंगणी आणि गवताचा फुलोरा एकाच वेळी येतो, नवरात्राच्या मागेपुढे. घरची गंजी लावावी की विकतचं कुटार आणावं, या प्रश्नाची सगळी गोम इथंच आहे. मजूर मिळत नाही, परतीचा पाऊस डोक्यावर असतो, शेंगा तडकतील ही धास्ती असते. अशा वेळी गवतासाठी विळा कोण हाती घेणार? मग गवत उभ्या उभ्या वाळतं आणि दिवाळीनंतर सवडीनं कापलं जातं. फुलोऱ्यातल्या गवतात सहा-सात टक्के प्रथिनं असतात. बी झडून पिवळं पडलं की ती दोन-तीन टक्क्यांवर येतात. पोट भरतं, अंगी लागत नाही. कुसळी गवताचं कुसळ पक्कं झालं तर जनावराच्या तोंडात रुततं, ते वेगळंच.

ज्वारी होती तोवर ही अडचण एवढी जाणवत नव्हती. दाणा घरात, कडबा गंजीवर, आणि उन्हाळा निघून जायचा. सोयाबीन आलं, ज्वारी गेली आणि कडबाही गेला. कपाशीची पऱ्हाटी चुलीत जाते, गोठ्यात नाही. उरलं ते कुटार: सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं. त्यातलं तुरीचं कुटार जनावर आवडीनं खातं. सोयाबीनचं नुसतं टाकलं तर बरंचसं गव्हाणीत राहतं. गवतात किंवा कडब्याच्या कुट्टीत मिसळलं तर संपतं.

आता आपल्याकडच्या गायीच्या जातीबद्दल. गवळाऊ गाय ही आर्वी, कारंजा, आष्टी या पट्ट्यातली. पांढरी, चपळ, ओढीला उत्तम. हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी पैदास क्षेत्र आहे आणि नंद गवळी समाजानं ती पिढ्यान्‌पिढ्या रानात चारून जपली. तिचं दूध थोडं. पण तिची सगळी किंमत तिच्या चरण्यात होती, विकतच्या चाऱ्यावर ती कधीच नव्हती. बोर अभयारण्याला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ राहिला पाहिजे, त्यात वाद नाही. पण जंगलात चरायला जाणाऱ्या गायीचं रान आकसलं, हेही खरं. तीन-चार लिटर देणाऱ्या गायीला एप्रिलात महागाचं कुटार घातलं तर दुधाचा पैसा कुटारातच जातो. दहा-बारा लिटरची संकरित गाय विकतचा चारा पेलू शकते, गवळाऊ नाही. जमनालाल बजाजांनी 1941 मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ काढला. शहरातलं गोरस भांडार आजही गायीचंच दूध विकतं. पण गाय टिकवायची तर नुसतं दूध विकून भागत नाही, आधी चाऱ्याची सोय लागते.

हिशोब करून पाहू. तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सात किलोच्या आसपास सुका चारा लागतो. नोव्हेंबर ते जून, आठ महिन्यांचे सतरा क्विंटल. बैलजोडी आणि एक गाय धरली तर पन्नास क्विंटलच्या वर. राखलेल्या चांगल्या पडीतात एकरी दहा-पंधरा क्विंटल सुकं गवत निघतं. म्हणजे सगळंच घरचं, हा हट्ट दहा एकरवाल्यालाही झेपणार नाही. पण पाच एकर सोयाबीनचं कुटार पावसापासून वाचवलं, तुरीचं, हरभऱ्याचं राखलं, तर निम्मी गरज तरी घरातच भागते. हार्वेस्टर घातलं की कुटार वावरभर उधळतं, ते गोळा करायला पुन्हा मजुरी लागते. हार्वेस्टरचं भाडं ठरवताना हे धरतं कोण?

आणि धुरे! आपण धुऱ्यावर तणनाशक मारतो. औषधाचा पैसा, फवारणीची मजुरी घालून चांगलं मारवेल गवत जाळतो आणि चार-सहा महिन्यांनी कुटाराची ट्रॉली बोलावतो. मला तरी याहून उलटा व्यवहार ठाऊक नाही.

गवत कापायचं ते निम्मं फुलोऱ्यावर आलं की, दव उडाल्यावर. दोन-तीन दिवस उन्हात उलटंपालटं करायचं. काडी मोडल्यावर ताडकन तुटली तर समजा झालं. ओलसर पेंड्या गंजीत गेल्या की गंजी आतून तापते, बुरशी धरते, कधी पेटतेही. खाली दगड-लाकडं, वर उतार, आणि जागा विजेच्या तारेपासून दूर. पाऊस हटतच नसेल तर मक्याचा किंवा ज्वारीचा मुरघास करा. त्याला ऊन लागत नाही.

विकत घ्यायचं असेल तर हंगामात घ्या. सोयाबीनचं कुटार मळणीच्या वेळी, हरभऱ्याचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. काही गावांत लोक ते धुऱ्यावर पेटवून देतात, तिथं नेण्याच्या खर्चातच मिळतं. ट्रॉलीवर भाव करू नका, वजनावर करा. फुगवून भरलेली ट्रॉली फार फसवते. काळं पडलेलं, वास मारणारं कुटार फुकट मिळालं तरी गाभण गायीला घालू नका. भंडाऱ्याकडून धानाची तणस आणली तर शंभर किलोला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा, तीन आठवडे घट्ट झाकून ठेवा आणि मग उघडून, वास उडू देऊन घाला. लहान वासरांना मात्र नको.

माझं मत विचाराल तर दोन-चार गवळाऊ असणाऱ्यानं घरची गंजी सोडू नये. दहा संकरित गायींचा गोठा असेल तर विकत घ्या, पण होळीच्या आत. आणि यंदा धुऱ्यावरचा फवारा तेवढा थांबवून पाहा.