गरिबांच्या वाटणीचा पैसा परत कसा आणावा?

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढे शाळेच्या ओट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी मदतीचा पैसा कोणी खाल्ला अशी बातमी आली की चावडीवर पहिला शब्द निघतो तो "घाला त्याला बेड्या!" बेड्या पडल्या की मंडळी समाधानाने घरी जातात. पैसा गेला कोठे आणि तो परत आला काय, हे विचारायला दुसरे दिवशी कोणी येत नाही. आज आम्ही बोलणार आहो ते या दुसऱ्या दिवसाविषयी. त्याकरिता एक दूरदेशची हकीकत सांगतो. ती खरी आहे, अलीकडची आहे, आणि ज्या मुलखाची आहे त्याचे नाव आपल्या कापूसवाल्यांच्या पणजोबांनी नक्की ऐकलेले असेल.

तो मुलूख म्हणजे अमेरिकेतील मिसिसिपी. गुलामांच्या घामावर तेथे कापूस पिके. 1861 ते 1865 पर्यंत त्या देशात यादवी चालली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे खानदेश-वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. यादवी संपली, गुलाम मोकळे झाले, आणि इकडचा भावही उतरला. मोकळे झालेल्या त्या लोकांच्या हाती मात्र जमीन आली नाही. श्रीमंत म्हणून गाजलेल्या त्या देशात मिसिसिपी आजही सर्वांत गरीब राज्यांपैकी एक गणले जाते.

1996 साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने गरजू कुटुंबांना तात्पुरती मदत देण्याचा कायदा केला. पूर्वी गरीब आईला हक्काने रोख मदत मिळे. नव्या कायद्याने प्रत्येक राज्याला दरसाल एक ठोक रक्कम द्यावयाची आणि वाटपाची मोकळीक राज्याने घ्यावयाची असे ठरले. मिसिसिपीच्या वाट्याला साधारण 8 कोटी 65 लाख डॉलर येत. (2024 साली एक डॉलर ऐंशी-नव्वद रुपयांच्या घरात होता, त्यावरून आकड्याचा अदमास येईल.) कायद्यात हेतू लिहिले होते चार. गरजू घरांना मदत हा त्यातला एक. बाकीचे काम मिळवून देणे, कुटुंबे एकत्र राखणे असे इतके सैल होते की त्यांच्या पोत्यात काहीही भरता यावे. सैल शब्द आणि ठोक रक्कम एका घरात नांदू लागली की उंदरांना आमंत्रण वेगळे द्यावे लागत नाही.

आता गरिबाला काय मिळे ते पाहा. तीन माणसांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त 170 डॉलर. 2021 साली ते 260 झाले. आणि तेही मिळावे कोणाला? 2016 साली सुमारे 11,700 अर्ज आले, त्यांतले मंजूर झाले 167. शंभरातले दीडसुद्धा नव्हेत. जी बाई अर्ज घेऊन गेली तिच्या घरी काय आहे, काय नाही, हे कारकुनाने नखाने उकरून पाहावे, आणि त्याच खात्याच्या मागल्या दाराने थैल्या बाहेर जाव्यात, असा प्रकार चालला होता.

थैल्या कशा गेल्या? त्या खात्याचे मुख्याधिकारी जॉन डेव्हिस हे 2016 पासून 2019 पर्यंत होते. त्यांनी कोट्यवधी डॉलर लोकोपयोगी म्हणविणाऱ्या संस्थांच्या हाती दिले. त्यांत नॅन्सी न्यू या बाईंची एक शिक्षणसंस्था प्रमुख होती. एका माजी पेहलवानाला व्यसनमुक्तीचे वर्ग घेण्यासाठी पैसे दिले गेले. त्या वेळी तो स्वतःच दूर कॅलिफोर्नियात एका महागड्या व्यसनमुक्तिगृहात पडून होता, आणि तेथले सुमारे 1 लाख 60 हजार डॉलरचे बिलही गरिबांच्याच पैशातून फिटले. ब्रेट फार्व्ह हा फुटबॉलचा तिकडचा मोठा नामांकित खेळाडू. त्याला 2017 व 2018 मध्ये 11 लाख डॉलर मिळाले. हिशेबतपासनिसांचे म्हणणे असे की, ज्या भाषणांसाठी ते दिले ती भाषणे झालीच नाहीत. आपण रेडिओवरून जाहिरात केली आणि पैसा कोणत्या खात्याचा आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आलेला नाही, आणि 11 लाखांची मुद्दल त्याने दोन हप्त्यांत परतही केली. भांडण उरले ते व्याजाचे आणि दुसऱ्या एका गोष्टीचे.

ही दुसरी गोष्ट मोठी मासलेवाईक. हॅटिसबर्ग गावच्या विद्यापीठात या खेळाडूची मुलगी व्हॉलीबॉल खेळे. तेथे व्हॉलीबॉलचे भव्य सभागृह उठवावयाचे होते. मदतीच्या पैशातून विटा-चुन्याचे बांधकाम करू नये असा मध्यवर्ती सरकारचा दंडक. मग करावे काय? न्यू बाईंच्या संस्थेने विद्यापीठाच्या जागा भाडेपट्ट्याने घेतल्या असे दाखविले आणि भाड्यापोटी 50 लाख डॉलर एकदम मोजले. कागदावर भाडे, जाग्यावर इमारत! हा भाडेपट्टा बांधकाम झाकण्यासाठी केलेले सोंग होते, हे बाईंच्या मुलाने एप्रिल 2022 मध्ये गुन्हा कबूल करताना मान्य केले.

आम्ही मास्तर पडलो, म्हणून येथे एक गणित घालतो. महिना 170 म्हणजे वर्षाला 2,040 डॉलर. 50 लाखांना 2,040 ने भागा. उत्तर येते 2,450 च्या वर. म्हणजे एका इमारतीच्या पोटात सुमारे 2,450 कुटुंबांचे वर्षाचे पैसे गेले. हे गणित शाळेत घालण्याजोगे आहे.

खात्यातल्याच माणसाच्या सांगण्यावरून 2019 मध्ये वाचा फुटली. फेब्रुवारी 2020 मध्ये राज्याचे हिशेबतपासनीस शॅड व्हाइट यांच्या माणसांनी डेव्हिस, न्यू मायलेक आणि इतरांना धरले. ऑक्टोबर 2021 च्या खोल तपासणीत 7 कोटी 70 लाख डॉलरांहून अधिक रक्कम भलतीकडे गेल्याचे निघाले. न्यू मायलेकांनी आणि 2022 च्या सप्टेंबरात डेव्हिसनेही गुन्हे कबूल केले. फौजदारीचा भाग हा असा. तो आम्ही भराभर सांगितला, कारण तो सर्वांना समजतो.

समजत नाही ते दिवाणीचे. दिवाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बांधाचा तंटा, वकिलाची फी आणि तारखेमागून तारीख उभी राहते. ते खोटेही नव्हे. तरी नीट ऐका.

फौजदारीत सरकारला सिद्ध करावे लागते की या इसमाने जाणूनबुजून लबाडी केली, आणि तेही शंकेला जागा न ठेवता. दिवाणीत प्रश्न वेगळा असतो: हा पैसा कोणाचा, आणि तो तुझ्या हाती राहावा असे तू बदल्यात काय दिलेस? पुरावाही ज्या बाजूला पारडे झुकेल तेवढा पुरतो. चोरीचा बैल बाजारात तुम्ही भोळेपणाने विकत घेतलात. तुम्ही चोर नव्हे, तुम्हाला तुरुंग नाही. पण खरा धनी दावणीशी येऊन उभा राहिला तर बैल सोडावा लागतो. पैशाचे थोडे निराळे आहे, तेही सांगून ठेवतो. सुताराने प्रामाणिकपणे दार करून दिले आणि मजुरी घेतली, तर ती मजुरी पुढे चोरीच्या पैशातली निघाली म्हणून सुताराच्या हातची काढून घेणे न्यायाचे नव्हे. म्हणून असल्या दाव्यात सारे भांडण एका बिंदूवर येऊन ठेपते: काम झाले काय? भाषण दिले काय? वर्ग घेतला काय? दार बसविले काय?

या पायावर 9 मे 2022 रोजी मिसिसिपीच्या त्या खात्याने राजधानी जॅक्सन येथील न्यायालयात 38 इसम व संस्थांवर दावा लावला. मागणी 2 कोटी डॉलरांहून अधिक. करार मोडला, मोबदला न देता पैसे घेतले, कायद्याने मनाई असलेल्या कामी लावले, अशी कारणे मांडली. काही प्रतिवादी असे होते की त्यांना तुरुंगाची वाट कधीच दिसली नसती; पण वहीत त्यांचे नाव आणि पुढे आकडा होता, एवढे दाव्याला पुरे. दावा काढून टाका असा अर्ज त्या खेळाडूने केला. तो 2023 साली नामंजूर झाला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही.

मंडळी म्हणतील, मग झाले तर! नव्हे. येथेच खरी मेख आहे.

पहिल्या दाव्यात व्हॉलीबॉलच्या सभागृहाचे 50 लाख नव्हतेच. खात्याने नेमलेले वकील ब्रॅड पिगॉट यांनी जुलै 2022 मध्ये विद्यापीठाच्या क्रीडासंस्थेकडून त्या व्यवहाराचे कागद मागविणारे समन्स काढले. थोड्याच दिवसांत त्यांचे वकीलपत्र संपविण्यात आले. राजकारणामुळे आपल्याला काढले असे वकील म्हणाले. आम्हाला न विचारता समन्स काढले असे खाते म्हणाले. कोण खरे ते त्यांचे त्यांना ठाऊक. आम्ही इतकेच म्हणतो की, ज्या घरातून चोरी झाली त्याच घराच्या कारभाऱ्याने फिर्यादी व्हावे, कोणावर दावा लावावा आणि कोणाला वगळावे हेही त्यानेच ठरवावे, ही रीत गरिबाला भरवशाची वाटत नाही. त्या विद्यापीठाच्या सभागृहाशी मोठमोठ्यांचे लागेबांधे होते हे लहान मुलालाही कळत होते.

मग ते 50 लाख दाव्यात आले कसे? वर्तमानपत्राने आणले असे आमचे मत आहे. 'मिसिसिपी टुडे' नावाच्या पत्राच्या अ‍ॅना वुल्फ या बाईंनी त्या मंडळींचे आपसातले निरोप मिळवून 2022 मध्ये छापले. त्यात त्या खेळाडूने, आपल्याला पैसे दिले तर ते कोठून आले हे पत्रवाल्यांना कळेल काय, अशी पृच्छा केलेली होती. देशभर बोभाटा झाला. डिसेंबर 2022 मध्ये खात्याने दावा वाढवून दाखल केला, त्यात सभागृहाच्या पैशाची मागणी होती. वुल्फ बाईंना 2023 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

दुसरी मेख तुम्ही न सांगताही ओळखाल. हुकूमनामा हाती येणे आणि पैसा हाती येणे यांत अंतर फार. 2022 चा तो दावा 2024 सालीही निकालात निघालेला नव्हता. तोवर खर्च झालेले खर्च होते, घरेदारे दुसऱ्याच्या नावावर चढतात, कंपन्या बुडतात. म्हणून असल्या कामी दावा लावण्याच्या वेळीच मालमत्ता हलवू नये असा मनाईहुकूम मागणे शहाणपणाचे असते. शिवाय मध्यवर्ती सरकारचा नियम असा की, राज्याने मदतीचा पैसा भलतीकडे लावला तर तेवढी रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून भरावी. म्हणजे चोराकडून वसूल झाले नाही तर भार करदात्यावर, आणि त्यात ती अर्ज नाकारलेली बाईही आलीच. मीठ-मिरची घेताना तीही कर भरते.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत बोचते. या साऱ्या दाव्यात वादी खाते, प्रतिवादी खेळाडू, पेहलवान आणि संस्था. ज्यांचे पैसे गेले त्या बाया कोठे आहेत? त्या दाव्यात पक्षकार नव्हत्या. 2016 साली हात हलवीत परत गेलेल्या अकरा हजारांतल्या एकीलाही न्यायाधीशाने विचारले नाही की, बाई, त्या वर्षी तुझ्या लेकरांनी काय खाल्ले? पैसा परत आला तरी तो खात्याच्या पेटीत येतो. पेटीतून तिच्या पदरात पडण्यासाठी निराळी लढाई लागते.

आता कोणी विचारील, मास्तर, आपल्याकडे काय? थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्यात पंचायतीच्या पैशाची हानी, उधळपट्टी किंवा गैरवापर ज्या सभासदाच्या गैरवर्तनाने वा घोर दुर्लक्षाने झाला त्याच्यावर जातीने जबाबदारी टाकलेली आहे, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. धर्मादाय वा शिक्षणाच्या विश्वस्त संस्थेने पैसा गिळला असेल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हितसंबंध असलेल्या दोघांना धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन दावा लावता येतो. दोघे पुरेत, पाचशे लागत नाहीत. सरकारवरच दावा लावायचा तर दिवाणी कायद्याच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. ती न देता धावलात तर दावा उंबरठ्यावरच अडखळेल.

पण या सर्वांच्या आधी कागद हवा. मिसिसिपीत जे उघडे पडले ते वह्या, करार आणि निरोप हाती आल्यामुळे. तुमच्या गावच्या विहिरीचे, शाळेच्या खोलीचे, घरकुलाचे पैसे कोणाच्या नावे निघाले हे 2005 च्या माहितीच्या कायद्याने मागता येते. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे असा नियम आहे. काय मागावे हे नेमके लिहा: कामाचे नाव, साल, मंजूर रक्कम, पैसे कोणास दिले, कोणत्या तारखेस, आणि काम पुरे झाल्याचा दाखला कोणाच्या सहीचा. "सर्व माहिती द्या" असे लिहाल तर काहीच हाती येणार नाही. अर्जाची एक प्रत पोचेच्या शिक्क्यासह स्वतःपाशी ठेवा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बाजार उठल्यावर शाळेत यावे. अर्ज आम्ही लिहून देऊ. तिकीट मात्र येताना आणावे.