शेजारचं वर्कशॉप: स्पर्धक की जोडीदार?

आज कोडिंग बाजूला ठेवू आणि थेट शिरोली एमआयडीसीत जाऊ.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलो तरी घर कोल्हापूरचं. पप्पांचं छोटं मशिन शॉप आहे, दोन व्हीएमसी. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही त्याचं मशिनिंग करून देतो. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीची चौकशी आली, महिन्याला १२,००० नग. एका नगाला ८ मिनिटं. दोन शिफ्ट धरल्या आणि सेटिंगचा वेळ वजा केला तर एका मशिनवर दिवसाला साधारण १०० नग निघतात. २५ दिवसांचे, दोन मशिनवर, ५,०००. पप्पा "नाही जमणार" म्हणाले आणि काम दुसऱ्या राज्यात गेलं.

आता गंमत बघा. आमच्याच गल्लीत आणखी दोन वर्कशॉप आहेत, मिळून तीन व्हीएमसी. त्यातली एक तर त्या महिन्यात रिकामीच होती. पाच मशिन, १२,५०० नग. गणित बसत होतं, पण एकमेकांना विचारायचं कुणी?

आणि हे कोल्हापुरात! जिथं दोन म्हशी असलेला शेतकरी १९६३ पासून 'गोकुळ'ला दूध घालतोय. बरं, कारखानदारांनीही हे केलंय. फाउंड्रीतली रेझिनची वाळू पुन्हा वापरायची तर ती तापवून रेझिन जाळावं लागतं. तो प्लांट छोट्या फाउंड्रीला एकटीला परवडत नाही, म्हणून इथल्या फाउंड्री क्लस्टरने तो सामाईक केला. केंद्र सरकारची एमएसई-सीडीपी योजना अशा सामाईक सुविधांना अनुदानही देते. पण वाळूचा प्लांट वाटून घेणं सोपं. ग्राहक वाटून घ्यायचा म्हटलं की पोटात गोळा येतो.

पप्पांची भीती खोटी नव्हती. पूर्वी त्यांनी जास्तीचं काम एकाला दिलं होतं. चार महिन्यांनी तो थेट पार्टीकडे जाऊन कमी रेट देऊन आला.

म्हणून गेल्या वर्षी ८,००० नगांची चौकशी आली तेव्हा तिघांनी आधी कागद केला. पीओ एकाच्या नावावर. बाकीच्या दोघांनी दोन वर्षं त्या पार्टीकडे थेट जायचं नाही. रिजेक्शन ज्याच्या मशिनवर झालं, खर्च त्याचा. पैसे ४५ दिवसांत, कारण लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट त्याहून जास्त लांबवता येत नाही, तसा २००६ चा कायदाच आहे. यात एक मेख आहे: पार्टी ९० दिवसांनी पैसे देणार असेल, तर पीओ घेणाऱ्याचेच पैसे मध्ये अडकतात. त्यामुळे आधी कॅश क्रेडिटची लिमिट बघा, मग पुढारी व्हा.

पहिल्याच महिन्यात ६० नगांचं बोअर मोठं निघालं. जोरदार भांडण झालं. शेवटी कळलं की तिघांचे गेज वेगवेगळे होते. एकाच प्रकारचे गेज घेतले, एकाच ठिकाणी कॅलिब्रेट केले, तेव्हा गाडी रुळावर आली.

एक सावधगिरी मात्र पाळा. मिळून ऑर्डर पूर्ण करणं वेगळं, आणि सगळ्यांनी बसून "याच्या खाली कुणी रेट द्यायचा नाही" असं ठरवणं वेगळं. दुसऱ्याला कार्टेल म्हणतात आणि २००२ च्या स्पर्धा कायद्यात त्याला मोठा दंड आहे. चहाच्या टपरीवर ठरलं असलं तरीही!

या सगळ्यात माझं काम एवढंच. कुणाचं मशिन कधी रिकामं आहे, हे दाखवणारी एक ऑनलाइन शीट बनवून दिली. ड्रॉपडाउन, रंग, सगळं एकदम झकास. शेजारचे काका अजूनही वहीत लिहितात आणि रोज संध्याकाळी मला व्हॉट्सअपवर त्या पानाचा फोटो पाठवतात. शीट मी भरतो.

चला, भेटू पुढच्या भागात.