लहरींची पोचपावती

बुलढाणा, खामगाव, चिखलीकडे कुणाच्या घरी हॅम रेडिओची जुनी ‘क्यूएसएल’ कार्डं असतील, तर ती रद्दीत घालू नका. दोन हौशी रेडिओ केंद्रांचं बोलणं झालं, याची ही टपालानं येणारी पोचपावती. ‘व्हीयू’नं सुरू होणारं भारतीय संकेतनाम, तारीख, वारंवारिता, आवाज किती स्पष्ट आला, सारं तिच्यावर असतं. वेळ जागतिक, साडेपाच तास मिळवले की आपली. व्हिएन्नातल्या ‘डोकुफुंक’ संग्रहानं अशी लाखो कार्डं जपली आहेत, काही आंतरजालावरही पाहता येतात. अशा संग्रहाला प्रतिमा पाठवताना दोन्ही बाजू स्कॅन करा. हातानं लिहिलेला मजकूर अनेकदा मागेच असतो. घरचा पत्ता मात्र झाका. आणि नवं कार्ड छापणार असाल, तर त्यावर आपलं लोणार सरोवर हवंच!