घटस्फोटानंतर मूल कोणाचें?

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यांतील मुरुम हें कर्नाटकाच्या सीमेजवळचें गांव. तेथील एकाद्या गृहस्थाचा संसार मोडला आणि पत्नी सहा वर्षांच्या मुलासह पुण्यास माहेरीं राहूं लागली, अशी कल्पना करावी. ताब्यासाठीं स्वतंत्र अर्ज करावयाचा तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणें मूल जेथें नेहमीं राहतें, तेथील न्यायालयाकडेच जावें लागतें. म्हणजे सोलापूर ओलांडून पुणें गांठणें आलें. तारीख पुढें गेली कीं काम बुडतें, खर्च होतो, आणि मुलाची भेटही घडत नाहीं. अशा पित्याला न्याय मिळतो काय?

हा प्रश्न आईबापांच्या हक्कांच्या तराजूंत घातला, तर दोघांनाही तक्रारीस जागा सांपडते. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें पित्याला पहिला नैसर्गिक पालक ठरविलें व मातेला त्याच्यानंतर स्थान दिलें; परंतु पांच वर्षांखालील मूल सामान्यतः मातेजवळ असावें, असेंही त्याच कलमांत सांगितलें. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ‘नंतर’ याचा अर्थ केवळ ‘मृत्यूनंतर’ असा नाहीं, असें ठरवून मातेची बाजू सावरली. तरीही कायद्याच्या पुस्तकांत पिता पहिला आणि तान्ह्या मुलाच्या बाबतींत माता पहिली, ही स्थिति राहिलीच. एकीला कायदा पक्षपाती वाटतो, दुसऱ्याला न्यायालय.

या वादाचें उत्तर जुनेंच आहे. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निवाड्यांत मुंबई उच्च न्यायालयानें मातेचें किंवा पित्याचें हित बाजूस ठेवून मुलाचें हित तेवढें श्रेष्ठ मानिलें. मुलें ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणीं नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७३ मध्यें बजावलें. याच कसोटीनें २०१९ सालीं, आई कर्करोगानें वारल्यावर मातुल नातेवाइकांकडे राहिलेलें एक मूल पित्याच्या स्वाधीन करण्यांत आलें. उलट २०१७ सालीं पित्याकडे वर्षानुवर्षें राहिलेली मुलगी मातेला देण्यांत आली.

तत्त्व असें स्वच्छ असतां अन्याय होतो कोठें? तो होतो कालहरणांत. २००१ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांत, मुलांच्या पोषणाचा व शिक्षणाचा अर्ज शक्यतों साठ दिवसांत निकालांत काढावा, असें सांगितलें. भेटीचा उल्लेख त्या मुदतींत नाहीं. सहा वर्षांच्या मुलाला दोन वर्षें पित्याचें दर्शन झालें नाहीं, तर पुढें येणारा निवाडा एका परक्या मनुष्याच्या हातीं पडतो. मूल जवळ असलेल्या पालकाला ही दिरंगाई आयतीच फळते, मग तो पालक बाप असो वा आई.

विधि आयोगानें २०१५ सालीं संयुक्त ताब्याची शिफारस केली. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें दूरच्या पालकाला दृक्‌श्राव्य संभाषणाची सोय असावी, असेंही म्हटलें. मुरुमच्या पित्याला मोठ्या सिद्धांतापेक्षां याचाच आधार अधिक. पहिल्या कांहीं तारखांतच भेटीचा दिवस, सुट्यांची वांटणी आणि संभाषणाची वेळ ठरावी. पोटगी थकली म्हणून भेट रोखूं नये. भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवूं नये. आईबापांचा विवाह न्यायालयांत संपतो. मुलाचें दोघांशीं असलेलें नातें तेथें संपत नाहीं.